मदत हवी आहे: सॅकचा दोष लाइनचा की क्वार्टरबॅकचा, कसं ओळखायचं?

शिकागो बेअर्सचा २०२४ चा सीझन पुन्हा बघतोय (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे). ५ विजय, १२ पराभव. पहिल्याच वर्षी क्वार्टरबॅक (पास फेकणारा) केलब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला), लीगमध्ये सगळ्यात जास्त. नोव्हेंबरात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच) वॉल्ड्रनला काढलं, मग हेड कोच एबरफ्लूसलाही. २०२५ ला बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आला आणि लाइनच्या (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या ब्लॉकर्सच्या रांगेच्या) मधल्या तिन्ही जागांवर नवी माणसं आणली: थूनी, डालमन, जॅक्सन. म्हणजे खापर लाइनवर. मला ते पूर्ण पटत नाही.

स्टॉपवॉच लावून स्नॅप (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होतो तो क्षण) ते सॅक वेळ मोजला. तीन सेकंदांच्या वर गेलं की चूक क्वार्टरबॅकची, असं ढोबळ धरलं. पण कधी कधी तो अडीच सेकंदांतच पॉकेट (लाइनने राखलेली जागा) सोडून पळत सुटतो, गार्ड (लाइनमधला ब्लॉकर) तोवर चांगला टिकून असतो, आणि माझा हिशेब फसतो. टीव्हीच्या कॅमेऱ्यात रिसीव्हर (पास झेलणारे) मोकळे होते का, तेही दिसत नाही.

ऑल-२२ फिल्म (सगळे २२ खेळाडू दिसतात ते चित्रण) मिळवू शकतो. पैसे भरून खेळाडूंचे तयार ग्रेड घ्यायचे नाहीत. अशा प्लेमध्ये आधी काय बघायचं, रिसीव्हरचे रूट (धावण्याचे ठरलेले मार्ग), क्वार्टरबॅकचे पाय की ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) कोणी अडवायचा होता ते?