मदत हवी आहे: करवंटीची धुरी दिलेलं कोकम ओल्ड फॅशन्ड (व्हिस्कीचं कॉकटेल) कडू लागतंय

माप: पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुराचा) वास नसलेली व्हिस्की ६० मिली, गुळाचा पाक १० मिली (गूळ-पाणी समसमान), कोकम आगळ (कोकमाचा दाट खारवलेला रस) ५ मिली, बिटर्सचे (मसाल्या-मुळ्यांचा कडू अर्क) २ थेंब. आगळात मीठ असतंच, वरून नको. बर्फावर ३० सेकंद ढवळून गाळायचं, मग ग्लासाशेजारी करवंटीच्या निखाऱ्याची वाटी ठेवून वर पातेलं पालथं, ४५ सेकंद.

धूर पांढरा, दाट असताना झाकलं की चव थेट राखेची. निखारा लाल होऊन धूर निळसर झाला की कडूपणा जातो, पण वासही जेमतेम उरतो. गार, कोरड्या रिकाम्या ग्लासाला आधी धुरी दिली तर जरा बरं.

करवंटीचा काथ्या पूर्ण खरवडून काढता का? की निखाऱ्यावर दालचिनीचा तुकडा टाकता? किती सेकंद झाकता? तूप सुचवू नका, तवंग येतो.