युक्लिड ३.२१: वर्तुळखंड अर्धवर्तुळापेक्षा लहान असेल तर सिद्धता अडते का?

त्रिज्या: युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या तिसऱ्या पुस्तकातलं २१वं प्रमेय (म्हणून ३.२१): एकाच वर्तुळखंडातले (जीवा आणि तिचा कंस यांच्यामधल्या भागातले) कोन समान. सिद्धता चार ओळींची, सगळी भिस्त २०व्यावर (केंद्राशी होणारा कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट). पण बड ही पाव वर्तुळाची जीवा घेतली, तर लघुकंसावरच्या अ शी कोन दीड काटकोन. मग केंद्राशी तीन काटकोन हवेत. दोन रेषांचा ‘कल’ या व्याख्येत एवढा कोन बसतच नाही. म्हणजे प्रमेय अर्धंच सिद्ध झालंय?

जुना कंपास: हो, युक्लिडची आकृती अर्धवर्तुळाहून मोठ्या वर्तुळखंडाचीच आहे. पण डागडुजी त्याच्याच हत्यारांनी होते. लघुकंसावर अ खेरीज ई हा दुसरा बिंदू घ्या, क्रम ब, अ, ई, ड; कोन बअड = बईड दाखवायचं. अ मधून व्यास अक काढा, कई जोडा. बक जीवेवरचा, अ आणि ई असलेला खंड अर्धवर्तुळाहून मोठा (अ ते क हेच अर्धं, शिवाय कंस बअ), म्हणून कोन बअक = बईक. तसंच कड जीवेवर कअड = कईड. बेरीज करा, बअड = बईड, झालं. कंस बअ ३०° घेऊन ताळा: ७५ + ६० = १३५.

बेरजेआधी अक आणि ईक या रेषा आपापल्या कोनांच्या आत पडतात हे बघायचं विसरू नका. इथे पडतात, कारण क विशालकंसावर आहे.

त्रिज्या: म्हणजे प्रविशालकोन लागतच नाही. दहावीला आपण कंसाचं माप ३६० मधून वजा करून सुटतो, तो मार्ग इथे नाही.

अनुपात: खरी गोम ६.३३ मध्ये आहे. समान वर्तुळांत केंद्रीय कोनांचं गुणोत्तर कंसांच्या गुणोत्तराइतकं, आणि पाचव्या पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे गुणोत्तरं समान आहेत का हे राशींच्या पटी ताडून ठरतं, म्हणून *कुठलीही* पट घ्यायची मुभा हवी. ५०° ची आठपट ४००°. हा ‘कोन’ काढणार कुठे? ‘कोन’ऐवजी आठ समान कोनांची रास आणि तिच्यासमोर आठ समान कंसांची रास असं वाचलं की अडचण जाते. १.३२ मध्येही (त्रिकोणाच्या कोनांची बेरीज) युक्लिड ‘दोन काटकोनांइतके’ म्हणतो, सरळकोन म्हणत नाही. व्याख्येत कोन म्हणजे कल, व्यवहारात मात्र बेरजेची राशी. सांधा तिथेच उसवतो.

जुना कंपास: आणि ३.१६ मधला, स्पर्शिका आणि परीघ यांच्यातला शिंगासारखा कोन तर कितीही पट केला तरी कुठल्याच सरळरेषी कोनाला गाठत नाही. ५व्या पुस्तकाच्या ४थ्या व्याख्येनुसार (पट घेऊन एक दुसऱ्याला ओलांडू शकला तरच गुणोत्तर) त्या दोघांत गुणोत्तरच नाही, त्यामुळे ६.३३ वापरताना तो आधी बाजूला काढायचा.