व्हल्नरेबल : ‘फ्रॉम’ की ‘टू’?

अर्धविराम :
काल एका मेलमध्ये मी लिहिलं, ‘अवर ओल्ड सर्व्हर इज व्हल्नरेबल फ्रॉम हॅकर्स.’ वरिष्ठांनी ‘फ्रॉम’ खोडून ‘टू’ केलं. तेवढं पचवलं. पण पुढचं वाक्य होतं, ‘न्यू स्टाफ इज व्हल्नरेबल टू बी चीटेड’. आता यात ‘टू’ आधीपासून होतंच की! तर तेही खोडलं. कारण विचारलं तर म्हणे, कानाला खटकतं. शाळेत आम्ही ‘व्हल्नरेबल म्हणजे असुरक्षित’ असं घोकलं होतं. हॅकरपासून असुरक्षित, व्हायरसपासून असुरक्षित. मग ‘पासून’ला ‘फ्रॉम’ का नको?

रफारवाला :
त्या घोकंपट्टीनेच घात केलाय. ‘सेफ फ्रॉम’ बरोबर, कारण सुरक्षित म्हणजे संकटापासून लांब. व्हल्नरेबलमध्ये लांब काहीच नाही, उलट घाव अंगावर येतोय आणि अंग उघडं आहे. लॅटिनमध्ये ‘वुल्नुस’ म्हणजे जखम, ‘वुल्नेरारे’ म्हणजे जखमी करणं. म्हणून जे अंगावर येणार त्याच्याआधी ‘टू’ : व्हल्नरेबल टू अटॅक, टू क्रिटिसिझम, टू इन्फेक्शन. ‘एक्स्पोज्ड टू’ आणि ‘ससेप्टिबल टू’ही तसेच.

दुसऱ्या वाक्यातही ‘टू’ हाच, पण त्याच्यापुढे नाम किंवा ‘-इंग’वालं रूप लागतं : ‘व्हल्नरेबल टू बीइंग चीटेड’. गंमत म्हणजे तिथे ‘लायेबल’ घातलं असतंत तर ‘लायेबल टू बी चीटेड’ बिनबोभाट खपलं असतं. ‘टू मीटिंग यू’ऐवजी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिणारे आणि आपण एकाच माळेचे मणी. (मीही कित्येक वर्षं लिहिलंय.)

तिरकी रेघ :
जखम म्हटल्यावर आठवलं, ‘वल्चर’ही यातलाच ना? जखमी जनावरावर टपून बसतो तो.

रफारवाला :
नाही हो. गिधाडाला लॅटिनमध्ये ‘वुल्तुर’, तो वेगळा शब्द आहे. पहिली दोन अक्षरं जुळली म्हणून सोयरीक होत नाही.

टीपकागद :
माझं दुखणं वेगळं आहे. अनुवादात वाक्य आलं, ‘ही वॉज नॉट अफ्रेड टू बी व्हल्नरेबल विथ हर.’ ‘तिच्यासोबत असुरक्षित व्हायला तो घाबरला नाही’ असं लिहिलं तर गडी हेल्मेट न घालता निघालाय असं वाटतं. ‘हळवा’ही बसेना, हळवेपणा हा स्वभाव असतो. इथे माणूस आपणहून दुखरी जागा दाखवतोय. शेवटी ‘तिच्यापुढे मन उघडं करायला तो कचरला नाही’ असं केलं. आणि इथे ‘टू’ नाही, ‘विथ’ आहे, हेही टिपून ठेवा.

शुद्धलेखनी :
मराठीत ‘अभेद्य’ आहे, मग ‘भेद्य’ वापरायला लाज कसली? भेद्य संगणक, भेद्य मन, भेद्य समाजघटक. एका शब्दात काम होतं.

टीपकागद :
‘भेद्य समाजघटक’ कुणी बोलून दाखवा, मी लगेच छापते. ‘दुर्बल घटक’ निदान कागदोपत्री रुळलाय.

रफारवाला :
पण दुर्बल म्हणजे व्हल्नरेबल नव्हे! भिंती हात-हातभर जाड, तोफा भरलेल्या आणि मागचा दिंडी दरवाजा उघडा, तो किल्ला व्हल्नरेबल. दुर्योधन काय दुर्बल होता? मांडी तेवढी व्हल्नरेबल.

उंबरझोप :
आपल्याकडे यासाठी विशेषण नसेल, पण वाक्प्रचार आहेत. ‘मऊ लागलं म्हणून कोपराने खणणं’, ‘गरीब बिचारी, कुणीही हाका’. फक्त यांत नजर खणणाऱ्याकडे आणि हाकणाऱ्याकडे जाते. शिवाय ‘वर्म’ आहेच. वर्मी घाव, वर्मावर बोट.

तिरकी रेघ :
संस्कृतात ‘वर्मन्’ म्हणजे चिलखत! जिथे चिलखत घालावं लागतं ती जागा म्हणजे वर्म. नावांतलं ‘वर्मा’ तिथलंच.

शुद्धलेखनी :
काहीतरीच. मराठी वर्म ‘मर्म’वरून आलंय, म चा व झाला. चिलखताचा अर्थ उलटून दुबळी जागा होईल कशाला?

तिरकी रेघ :
का नाही होणार? झाकलेल्या जागेवरूनच झाकण्याजोगं काय ते कळतं.

पाचवा भिडू :
पत्त्यांतला ब्रिज खेळणाऱ्या कुणालाच ‘व्हल्नरेबल’ अडत नाही. रबर ब्रिजमध्ये एक गेम जिंकलेली जोडी व्हल्नरेबल होते. म्हणजे पुढे असलेलीच. बोललेल्यापेक्षा एक हात कमी पडला, आणि समोरच्यांनी ‘डबल’ म्हणून दंड वाढवलेला नसला, तर एरवी 50 गुणांचा दंड, व्हल्नरेबल असाल तर 100. मात्र डुप्लिकेटमध्ये (तेच पत्ते सगळ्या टेबलांवर खेळतात, तो स्पर्धेचा प्रकार) गेमचा बोनसही 300 ऐवजी 500. 1925 साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकी धनिकाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर या खेळाचे गुण बसवले, तेव्हा हा शब्द बोटीवरच्या एका तरुण मुलीने सुचवला. तिचं नाव पुढे कुणाला आठवेना. आमच्या टेबलावर मराठीत ‘आपण तापलोय’ म्हणतात, तेच छान आहे.

टीपकागद :
हे आवडलं. धोक्यातल्या प्राण्यांच्या आययूसीएनच्या लाल यादीतही असंच. तिथे ‘व्हल्नरेबल’ ही ‘एन्डेंजर्ड’च्या अलीकडची, कमी धोक्याची पायरी. 2016 मध्ये पांडा एन्डेंजर्डमधून व्हल्नरेबलमध्ये आला, म्हणजे बरी बातमी. मथळा ‘पांडा आता असुरक्षित’ असा केला की झालं सुतक सुरू.

उंबरझोप :
उच्चाराचं काय? पहिला ‘ल’ बरेच जण गिळतात आणि मग शेजारचा ‘व्हेनरेबल’ ऐकू येतो. एका निरोप समारंभाच्या पत्रिकेत मीच ‘अवर व्हल्नरेबल गुरुजी’ छापून बसलो होतो. पूजनीय म्हणायचं होतं. गुरुजी वाचून म्हणाले, ‘आता या वयात तेही खरंच आहे.’

अर्धविराम :
मंडळी, ‘टू बीइंग चीटेड’ करून पाठवलं. वरिष्ठांनी तेही खोडलं. आता तिथे ‘न्यू स्टाफ मे बी चीटेड’ आहे. व्हल्नरेबल गेलाच.

रफारवाला :
अहो, अर्थ बदलला की! ‘मे बी’ म्हणजे कदाचित फसवले जातील. तुम्हाला सांगायचं होतं की त्यांना फसवणं सोपं आहे, कुणी फसवो न फसवो.

पाचवा भिडू :
‘ईझी टू चीट’ लिहा.

शुद्धलेखनी :
‘भेद्य’.

तिरकी रेघ :
चिलखताचा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.