कर्बोदकांच्या तुकड्यांची अँटिऑक्सिडंट ताकद: श्रेय साखरेचं की तिला चिकटलेल्या फेरुलिक आम्लाचं?

काचपात्र:
नाचणीतल्या अरॅबिनोझायलानचे (झायलोज आणि अरॅबिनोज या साखरांची लांब साखळी) तुकडे अँटिऑक्सिडंट असतात, हे हल्ली सर्रास लिहिलं जातं. माझ्या मते त्यात साखरेचं कर्तृत्व शून्य. झायलोजच्या साखळीला बाजूने अरॅबिनोज लटकतो आणि त्याच्या पाचव्या कार्बनवर फेरुलिक आम्ल एस्टर बंधाने बसलेलं असतं. रॅडिकलला, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या आक्रमक रेणूला, हायड्रोजन देऊन विझवतो तो फेरुलिकचा फिनॉल, म्हणजे बेंझिनच्या कड्यावरचा ओएच गट. फेरुलिकवर उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्या कड्यात पसरतो, म्हणून फेरुलिक स्वतः शांत राहतं. साखरेच्या ओएच गटांना ही सोय नाही. अल्कलीने फेरुलिक काढा आणि मग डीपीपीएच लावा, म्हणजे विझला की रंग जाणारा जांभळा रॅडिकल. जांभळा रंग फारसा उतरणार नाही.

शेवाळवाली:
शून्य? अजिबात पटलं नाही. तपकिरी शेवाळातली साखरसाखळी अल्जिनेट घ्या, तिच्या साखळीत फिनॉल नाहीच. ते आम्लाने तोडलं तर साधे तुकडे मिळतात. लायेज एन्झाइमने तोडलं तर कापलेल्या टोकाच्या साखरेत चौथ्या-पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो, तोही शेजारच्या कार्बॉक्सिलशी संलग्न. २३५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण वाढतं, ते त्याचंच. रॅडिकल विझवण्यात हे तुकडे सरस ठरतात. साखर तीच, फक्त कापायची पद्धत बदलली!

काचपात्र:
तपकिरी शेवाळात फ्लोरोटॅनिन, म्हणजे शेवाळाचे स्वतःचे फिनॉल, भरपूर असतात. ते अर्कात राहिले की पॉलिसॅकराइडला (साखरसाखळीला) फुकटचं श्रेय मिळतं. शिवाय हायड्रॉक्सिल रॅडिकलची चाचणी पुरावा म्हणून धरूच नका. तो समोर येईल त्याच्याशी भिडतो, मॅनिटॉलसारखं साधं साखर-अल्कोहोलसुद्धा त्याला टिपतं.

शेवाळवाली:
हायड्रॉक्सिलचं मान्य. पण एकाच घाणीतलं अल्जिनेट दोन पद्धतींनी तोडलं, तर फ्लोरोटॅनिनची भेसळ दोन्हीकडे आली ना? मग फरक कशाने पडला, ते सांगा.

भरडधान्य:
मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतून २००६ साली तांदूळ आणि नाचणीच्या फेरुलॉयल (फेरुलिक जोडलेल्या) अरॅबिनोझायलानवर काम प्रसिद्ध झालं. त्यात फेरुलिकखेरीज युरॉनिक आम्लं (कार्बॉक्सिल गट असलेल्या साखरा), ॲसिटिल गट आणि साखळीची लांबी यांनाही वाटा दिला आहे. म्हणून काचपात्र, तुमच्या प्रयोगातच खोट आहे. अल्कली फेरुलिकबरोबर ॲसिटिलही उडवते, कारण दोन्ही एस्टरच. ताकद घटली तर ती कोणामुळे, हे कळणार कसं? फक्त फेरुलिकचा बंध तोडणारं एन्झाइम, फेरुलॉयल एस्टरेज वापरा, तेही शुद्ध. झायलोजची साखळी कापणारं झायलनेज मिसळलेलं असेल तर साखळीही तुटेल.

आणखी एक. डीपीपीएच मेथॅनॉलमध्ये करतात. लांब साखळ्या त्यात विरघळत नाहीत, द्रावण गढूळ होतं आणि ५१७ नॅनोमीटरचं वाचन बिघडतं. 'लहान तुकडे जास्त प्रभावी' या निष्कर्षांतले काही निव्वळ विद्राव्यतेचे असणार, असं मला ठामपणे वाटतं.

काचपात्र:
ॲसिटिलचा मुद्दा बिनतोड आहे, एस्टरेजच हवं. तरीही फेरुलिक गेल्यावर उरलेली साखळी डीपीपीएचसमोर टिकेल, हे मी आकडे पाहिल्याशिवाय मानणार नाही. कुणी पाण्यात एबीटीएस (पाण्यात चालणारी तशीच रॅडिकल चाचणी) केलं असेल, एस्टरेजच्या आधी आणि नंतर, तर आकडे इथे टाका. मोजणी मोलमध्ये द्या, मिलिग्रॅममध्ये नको. तुकडा जितका लहान तितकी टोकं जास्त, आणि वजनावर तुलना केली की तिथेच गल्लत होते.