पाइपलाइनसाठी सरकारी अनुदान मिळेल का?

सावंत काका (ए-३०१): वरचं फॉरवर्ड सगळ्यांनी वाचा. त्यात लिहिलंय, पाणीपुरवठ्याच्या कामांना राज्य सरकार अनुदान देतंय. आपल्या सोसायटीचे पाइप सडलेत, प्लंबर साडेसहा लाख सांगतोय. सेक्रेटरींनी उद्याच्या उद्या अर्ज टाकावा.

मनीषा वहिनी (बी-१०२): मिळत असेल तर बघाच. वर्गणी म्हटली की परत भांडणं 🙏

सेक्रेटरी: काका, वाचलं. हे पैसे ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका यांना मिळतात, सोसायटीला नाही. शहरांसाठी केंद्राची अमृत २.० ही पाणी-सांडपाण्याची योजना आहे, ऑक्टोबर २०२१ ची. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहराला पाण्याच्या प्रकल्पात केंद्र २५ टक्के देतं, बाकीचे राज्याने आणि पालिकेने घालायचे. तेही मोठ्या जलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं अशा कामांना. गेटच्या आतला पाइप त्यात कुठेच बसत नाही.

सावंत काका: मग पाणीपट्टी कशाची भरतो आपण?

सेक्रेटरी: मीटरपर्यंत येणाऱ्या पाण्याची. पुढची खालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी, उतरते पाइप सगळं आपलं.

रोहन (सी-७०१): आशियातलं सगळ्यात मोठं शुद्धीकरण केंद्र भांडुपला, आणि भांडुपच्याच सातव्या मजल्यावर सकाळी करंगळीएवढी धार 😄

सावंत काका: आमदार निधी?

सेक्रेटरी: तो गेटबाहेरच्या गटारासाठी मागू. आपल्या पाइपांचं पत्र घेऊन गेलो तर फक्त चहा मिळेल.

देसले (बी-४०३): थोडं लांब लिहितोय, सांभाळून घ्या. माझं गाव शहापूर तालुक्यात. तानसा, भातसा दोन्ही आमच्याकडे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला येतंय, आणि आज मुंबईच्या सात तलावांच्या एकूण साठ्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसात असतो. तरी मे महिन्यात आमच्या पाड्यांवर टँकर फिरतात. गावात जलजीवन मिशनमधून, म्हणजे घरोघरी नळाच्या योजनेतून, टाकी झाली. २०१९ ची योजना, महाराष्ट्रात निम्मे पैसे केंद्राचे, निम्मे राज्याचे, माणशी रोज ५५ लिटरचा हिशोब. गावातल्या कामाच्या खर्चात लोकांनी १० टक्के भरायचे, आदिवासीबहुल गावाला ५. टाकी उभी राहिली, नळही आले. पण विहीर उन्हाळ्यात आटते, आणि पंपाचं वीजबिल कोणी भरायचं यावर ग्रामसभा दोन वेळा अर्ध्यात मोडली. टाकी बांधायला पैसे येतात, चालवायला आपल्यालाच लागतं. इथे उद्या कोणी पाइप फुकट बदलून दिले तरी पंपाचं बिल आणि टाकीची सफाई काही सुटणार नाही.

मनीषा वहिनी: देसले भाऊजी, मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यात टँकर, हे ऐकून कसंतरीच वाटलं हो.

कुलकर्णी काकू (ए-२०४): सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, कशासाठी कापता मग? सोसायटीच्या उपविधीत दरवर्षी बांधकाम खर्चाचा किमान पाव टक्का आहे ना?

सेक्रेटरी: आहे काकू. पण बांधकाम खर्च कागदावर १९८६ चा. त्याचा पाव टक्का म्हणजे आजच्या भावाने चिल्लर. शिवाय पाइपांचं काम दुरुस्ती निधीतून करणं बरं, तो पाऊण टक्का असतो, पण खर्च तोच जुना, म्हणून तिथेही फारसं काही साठलेलं नाही. म्हणून माझं म्हणणं: तीन कोटेशन मागवू, सर्वसाधारण सभेत ठराव करू, वर्गणी सहा हप्त्यांत घेऊ. एकेक विंग करत गेलो तर एकदम बोजा पडणार नाही.

सावंत काका: ठीक. पण लोखंडी जीआय पाइप नकोत, पुन्हा गंजतील. प्लास्टिकचे सीपीव्हीसी घ्या.

रोहन: सी विंग पहिली. धार आठवते ना सगळ्यांना?

कुलकर्णी काकू: ए विंग सगळ्यात जुनी आहे हं.

मनीषा वहिनी: आणि बी विंगचा पाइप रोज गळतो त्याचं काय?

सेक्रेटरी: रविवारी ११ वाजता ऑफिसमध्ये या सगळे. इथे विंगवरून भांडू नका, प्लंबरला बघू दे.