पार्किंगमधली शिडी

सचिव, ए-१०३: शिडीवरून पडलेल्या वॉचमनकाकांना आत्ताच दवाखान्यातून घरी सोडून आलो. उजव्या मनगटाचं हाड मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. डोक्याला मार नाही. खर्च सोसायटी करेल.

बी-३०२: ते शिडीवर कशाला चढले होते?

सचिव, ए-१०३: ट्यूब बदलायला. इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणाला होता.

सी-२०१: आठ फुटांवरून एवढं लागलं?

बी-३०२: वहिनी, डोकं फरशीवर आपटलं असतं तर आठ फूट फार झाले असते. कारखान्यात सेफ्टीचंच काम केलंय मी. आत्ता शिडी बघून आलो. एका पायाचं रबर गेलंय, खाली गुळगुळीत लादी. शिवाय घडीची शिडी न उघडता भिंतीला टेकवलेली. अशाने चारही पाय जमिनीवर बसत नाहीत, ती सरकतेच. आणि विजेच्या कामाला अ‍ॅल्युमिनियमची शिडी! फायबरची घ्या.

सी-२०१: मग टेकवायची कशी? आम्हाला माळ्यावर चढायला सारखी लागते.

बी-३०२: टेकवायला साधी सरळ शिडी घ्या. दर चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट पुढे. शिडीच्या पायांशी बोटं लावून ताठ उभं राहा, हात समोर सरळ केल्यावर तळवे दांड्यावर टेकले की बरोबर. चढताना दोन पाय एक हात, नाहीतर दोन हात एक पाय शिडीवरच. बादली हातात नको, नंतर दोरीने ओढून घ्या. आणि बाजूला वाकायचं नाही. उतरा, शिडी सरकवा, पुन्हा चढा. याचाच सगळ्यांना कंटाळा.

ए-४०४: काका, गच्चीवरच्या टाकीची शिडी तर काठापर्यंतच येते.

बी-३०२: काठाच्या वर तीन फूट हवी आणि वरून बांधलेली. नाहीतर टाकीवरून शिडीवर पाय टाकताना धरायला काहीच नसतं.

डी-१०२: पण काकांनी नाही म्हणायचं ना. ते काम त्यांचं नाही.

बी-३०२: दिवसभर आपणच म्हणतो, "काका, जरा बघता का". ते नाही कसं म्हणतील? दिवाळीत माझ्या गॅलरीतली माळ त्यांनीच लावली, मीच सांगितलं होतं. चूक झाली माझी. यापुढे वॉचमनला कोणीही शिडीवर चढवू नका.

सचिव, ए-१०३: मान्य. जुनी शिडी उद्या कापूनच भंगारात देतो, म्हणजे दुसरं कोणी वापरणार नाही.

सी-२०१: रात्रीचा डबा मी पाठवते. उजवा हात बांधलेला, पोळी तोडता येणार नाही. खिचडी करते.