लाकडी धनुष्य मुठीत दुभागायचे असल्यास कोणता सांधा निवडावा?

प्रश्न
हिकरीच्या एकाच फळीतून मी १६८ सेंटीमीटर लांबीचे, रुंद व सपाट भुजांचे धनुष्य घडवले आहे. टिलरिंग, म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून लाकूड तासणे, पूर्ण झाले असून ७१ सेंटीमीटरच्या खेचीला त्याचा ताण १८ किलो भरतो. प्रवासात नेता यावे म्हणून ते टेकडाउन, म्हणजे सुटे करता येणारे, करण्याचा विचार आहे. धातूची स्लीव्ह (दोन्ही अर्धे जोडणारी नळी), बोल्टने जोडायचा रायझर (मुठीचा मधला भाग) आणि घरी घडवलेली फायबरग्लासची स्लीव्ह यांपैकी काय मानवेल आणि तयार धनुष्य कापल्याने भुजांचा तोल बिघडेल का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
करवत हाती घेण्यापूर्वी मूठ स्वतः वाकते का, ते पाहा. धनुष्य टिलरिंगच्या चौकटीवर अर्धे खेचून मुठीच्या पाठीला सरळ पट्टी लावली, की फट लगेच दिसते. मूठ वाकत असेल तर कोणतीही स्लीव्ह घालू नका, कारण ताठ झालेल्या मुठीचे वाकणे भुजांच्या बुंध्यावर जाऊन पडते आणि तिथेच लाकूड दगा देते. मूठ ताठ असेल तर कापल्याने टिलरिंगला धक्का लागत नाही.

सांध्यावर केवळ १८ किलोचा भार येतो, असे मात्र समजू नये. दोरी भुजेचे टोक ओढते आणि भुजा तरफेसारखी सांध्यावर उलटते, त्यामुळे १० सेंटीमीटरच्या नळीत दोन्ही टोकांकडे पडणारा दाब १०० किलोच्या पुढे जातो. नळी निम्मी केली तर तो दुप्पट होतो. म्हणून आखूड नळीचा मोह टाळावा. बोल्टच्या रचनेत भुजांचे बुंधे रायझरवर बसवून छिद्रे पाडावी लागतात, म्हणजे तुमच्यापुरते ते नवे धनुष्यच झाले. मी धातूची, अंडाकृती छेदाची स्लीव्ह निवडेन. १९ व्या शतकातील इंग्लंडमध्ये घोडागाडीतून नेण्यासाठी मधोमध जोडायची धनुष्ये बनत, त्यांचाही सांधा मुठीतच असे.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण फायबरग्लासची स्लीव्ह वजनाला हलकी पडते आणि मुठीच्या आकारावरच घडते, हे तिचे मोठे गुण आहेत. एका अर्ध्यावर इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदात भिजवलेले कापड गुंडाळून आतली नळी करावी, ती घट्ट झाल्यावर घासून किंचित निमुळती करावी, तिच्यावर मेण व प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवून बाहेरची नळी घडवावी आणि मगच ती दुसऱ्या अर्ध्यावर चिकटवावी. माझ्या पहिल्या प्रयत्नात पापुद्र्याला सुरकुती पडली, इपॉक्सी तिच्यात शिरले आणि दोन्ही नळ्या एकजीव झाल्या. शेवटी सांधा कापूनच काढावा लागला. दुसऱ्या धनुष्यात प्रत्येक खेचीला बारीक करकर येई. नळीच्या तोंडाशी लाकडाची कड घासत होती. ती गोलसर करून मेण लावताच आवाज थांबला.

प्रश्नकर्ता
पट्टी लावून पाहिली, मुठीपाशी फट मुळीच दिसली नाही. धातूची अंडाकृती स्लीव्ह घेतो. चिकटवण्याआधी काय तपासावे?

उत्तर १
आधी दोन्ही अर्धे कोरडेच बसवून, दोरी चढवून ती मुठीच्या मध्यावरून जाते का ते पाहा, कारण इपॉक्सी घट्ट झाल्यावर पीळ दुरुस्त करता येत नाही. नळीची आतली बाजू खरबरीत घासून तेलकटपणा पुसून काढावा आणि इपॉक्सी पूर्ण पक्के होईपर्यंत धनुष्य खेचू नये.